‘स्कोअर चार? मग संपलंच!’ हे कुणी ठरवलं?

‘फॉस्टर केअरमध्ये वाढलेली मुलं मनाने कायमची मोडलेली असतात. एसीई स्कोअर चार झाला की भविष्य ठरलं. आणि हे सगळं परक्या घरात ठेवल्याने होतं.’ असा मजकूर सध्या फिरतोय. (फॉस्टर केअर म्हणजे स्वतःच्या घरी राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवणं.) प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तो जास्त घातक.

आधी स्कोअरचं बघू. एसीई म्हणजे बालपणीचे वाईट अनुभव: मारहाण, आबाळ, घरातलं व्यसन असे जितके प्रकार सोसले, तितके गुण. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांचा मूळ अभ्यास १९९८चा. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्या प्रौढांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट आढळला. पण हा हिशेब समूहाचा आहे. आज हा स्कोअर ज्या दहा प्रश्नांवरून काढतात, ती यादी स्वतः वाचून बघा: वळ उठेल अशी एकदाच झालेली मारहाण आणि वर्षानुवर्षं रोजची मारहाण, दोन्हींना गुण एकच. तेव्हा मूल केवढं होतं, जवळ कोण होतं, हे ती विचारतच नाही. एकेका माणसाचं भाकीत करायला हा स्कोअर वापरू नका, असं खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहिलंय.

‘मोडलेली’ म्हणाल, तर त्रास खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्ये फॉस्टर केअरमधून मोठ्या झालेल्या ६५९ जणांचा अभ्यास २००५ मध्ये आला. आदल्या वर्षभरात साधारण २५ टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, होता. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ४ टक्के. कुठला ना कुठला मानसिक आजार ५४ टक्क्यांना. उरलेले ४६ टक्के त्या मजकुरात कुठे गेले?

परक्या घराचा मुद्दा तर उलटाच आहे. मूल तिथे येतं तेच बहुधा मार किंवा आबाळ सोसून. रोमानियात, बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ बाळं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी फॉस्टर कुटुंबांत पाठवली. त्यांची बुद्धी आणि माणसांशी जुळणारं नातं, दोन्ही संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं विशेष.

बाधतं ते घर बदलत राहणं. नव्या घरात उशीखाली खाऊ लपवणाऱ्या मुलाला लोक चटकन ‘चोरटं’ म्हणतात. उपाशी राहिलेलं मूल उद्याची सोय करत असतं. जाणते पालक त्याला खाऊचा एक डबा देतात: त्याच्या एकट्याचा, कधीही उघडायची मुभा असलेला. महिनोन् महिने तो भरलेला दिसला, की लपवणं हळूहळू कमी होतं. तेवढ्यात घर बदललं, तर पुन्हा उशी.