जेकिलला चांगला म्हणण्यापूर्वी

प्रत्येक माणसात एक सज्जन आणि एक दुर्जन राहतो, डॉ. जेकिल हा सज्जन, औषध पिऊन तो ज्याच्यात बदलतो तो हाइड हा दुर्जन, आणि त्या औषधामुळे दुर्जनाने सज्जनाला गिळले, असे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरिकेचे सार सर्रास सांगितले जाते. दुटप्पी माणसाला ‘जेकिल आणि हाइड’ म्हणण्याची सवयही याच समजुतीतून आली आहे. मूळ पुस्तक अवघ्या दहा प्रकरणांचे आहे, आणि या साराचा जवळजवळ प्रत्येक भाग त्यातल्या शेवटच्या प्रकरणात, खुद्द जेकिलच्या कबुलीजबाबात, खोडून काढलेला आहे.

जेकिल हा ‘चांगला अर्धा’ आहे, हे म्हणणे आधी तपासू. औषधातून हाइड वेगळा निघतो आणि तो निव्वळ दुष्ट आहे, हे खरे; पण त्याच्या जाण्याने मागे राहिलेला जेकिल निव्वळ सज्जन होत नाही. तो पूर्वी होता तसाच, बऱ्यावाइटाचा विसंगत मिलाफ म्हणून उरतो, आणि हे तो स्वतःच लिहितो. म्हणजे प्रयोगातून एक सैतान मिळाला, देवदूत मात्र मिळालाच नाही. हाइड रात्री जे करून येतो त्याची आठवण जेकिलला असते, कारण स्मृती दोघांची सामाईक आहे. तरीही अपराधी हाइड, केवळ हाइड, अशी तो मनाची समजूत घालतो, जमेल तिथे झालेले नुकसान भरून देतो आणि आपली सदसद्विवेकबुद्धी झोपी जाऊ देतो. पहिल्याच प्रकरणात हाइड एका लहान मुलीला तुडवून पुढे जातो, तेव्हा लोक त्याच्याकडून शंभर पौंड वसूल करतात. त्यांतले दहा सोन्याच्या नाण्यांत मिळतात, आणि उरलेल्या रकमेच्या धनादेशावर सही जेकिलच्या नावाची असते. ज्याच्या प्रतिष्ठेवर हाइडचे व्यवहार निभावतात, त्याला या कथेतला सज्जन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सगळा दोष औषधाचा, हा दुसरा समज. औषध ना दैवी होते ना सैतानी, त्याने फक्त स्वभावाच्या तुरुंगाची दारे हलवली, आणि अधिक उदात्त हेतूने प्रयोग केला असता तर आतून देवदूत बाहेर आला असता, असे जेकिल स्पष्ट लिहितो. त्याचे अखेरचे पतनही पाहावे. हाइडने केलेल्या सर डॅनव्हर्स कॅर्यू या वृद्ध खासदाराच्या खुनानंतर जेकिल हाइडला कायमचा दूर ठेवण्याचा निश्चय करतो, काही महिने परोपकारात घालवतो, आणि मग पुन्हा मोहाला बळी पडतो. पण या वेळी हाइड होऊन नव्हे, तर जेकिल म्हणूनच, कुठल्याही सामान्य चोरट्या पाप्यासारखा. त्यानंतर जानेवारीतल्या एका स्वच्छ दिवशी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या बाकावर, इतरांच्या आळशी बेपर्वाईशी आपल्या सत्कृत्यांची तुलना करत असताना, औषधाचा थेंबही न घेता तो हाइड होतो. लेखकाने हे रूपांतर अहंकाराच्या नेमक्या त्या क्षणी घडवून आणले आहे, आणि औषधाला दोष देणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन समान अर्धे ही कल्पनाही टिकत नाही. हाइड जेकिलपेक्षा ठेंगणा आणि तरुण आहे, कारण जेकिलच्या आयुष्याचा नऊ दशांश भाग कष्टात आणि संयमात गेला असून दुष्ट बाजूला फारसा वापरच मिळालेला नव्हता, असा त्याचा तर्क आहे. आणि मोकळीक मिळू लागल्यावर हाइडचा देह वाढल्यासारखा त्याला वाटतो. शिवाय माणूस दोनच आहे असा जेकिलचा दावा नाही. आपल्या ज्ञानाची मजल तिथवरच गेली म्हणून आपण दोन म्हणतो, पुढे येणाऱ्यांना माणूस म्हणजे परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक रहिवाशांची वस्ती असल्याचे आढळेल, असा त्याचा अंदाज आहे.

पाप ते पाप, त्यात उणेअधिक नसते, असे या कथेवरून सांगणाऱ्यांनी बाकीची पात्रे पाहिलेलीच नसतात. जेकिलचा वकील अटरसन आपल्या बांधवाला त्याच्या वाटेने बिघडू देतो. अटरसनचा नातेवाईक एनफील्ड हिवाळ्यातल्या अंधाऱ्या पहाटे तीन वाजता कुठून परतत होता हे सांगत नाही, आणि प्रकरण जितके संशयास्पद तितके कमी विचारायचे, हा त्याचा नियम आहे. जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅन्यन याला, काही न पाहता हाइडला जाऊ द्यायचे की थांबून सारे पाहायचे, असा पर्याय दिला जातो. तो कुतूहलापोटी पाहणे निवडतो आणि त्या धक्क्याने थोड्याच दिवसांत मरतो. यांपैकी कोणीही हाइड नाही, पण निर्दोषही कोणी नाही. खुद्द जेकिलचे तारुण्यातले दोष असे होते की कित्येकांनी ते मिरवले असते. त्याने ते लाजेने लपवले, आणि त्या लपवण्यातून पुढचे सारे घडले.

कबुलीजबाबाच्या उत्तरार्धात हाइडविषयी लिहिताना जेकिल ‘तो’ असा शब्द वापरतो आणि लगेच थांबून ‘मी’ म्हणणे आपल्याला शक्य नाही असे नोंदवतो. पण त्याच कबुलीत, त्याच लेखणीने, कॅर्यूवर काठीचे घाव घातले जात असतानाचा उन्माद सांगताना त्याने ‘मी’ असेच लिहिलेले आहे.