कंत्राटी माणसाच्या निवृत्तीची तारीख

येत्या ३१ मे २०२६ ला मी काम थांबवणार आहे. कंपनीने तसं सांगितलेलं नाही, ठेकेदाराने तर नाहीच. ही तारीख मी स्वतः ठरवली आणि ती ठरवायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत बरंच काही कळलं, ते लिहितोय. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात माझ्यासारखे खूप जण आहेत आणि त्यांच्यावरही ही वेळ येणारच आहे.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. अप्रेंटिसशिप करून १९८९ ला पिंपरीतल्या एका कंपनीत कायम झालो. सत्तावीस वर्षं तिथे काढली. २०१६ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली. "स्वेच्छा" हा शब्द कागदावर होता, पण डिपार्टमेंट बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं. व्हीआरएसच्या रकमेतले पहिले ५ लाख करमुक्त असतात, तेवढं समाधान. मोशीच्या फ्लॅटचं राहिलेलं कर्ज फेडलं, मुलीचं लग्न केलं आणि २०१७ ला वयाच्या पन्नाशीत चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या रोलवर मेंटेनन्सला लागलो. दोन-तीन वर्षं करू आणि गावी ओतूरला जाऊ, असा विचार होता. त्याला आता नववं वर्ष चालू आहे.

या काळात ठेकेदार तीन झाले. गेट तेच, प्रेसची लाइन तीच, पॅनल तेच. माझ्या हाताने वायरिंग केलेली पॅनल आहेत तिथे. पण दर ठेकेदाराबरोबर माझं जॉइनिंग लेटर नवं. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवं पत्र.

मागच्या वर्षी जून महिन्यात मी ५८ पूर्ण केली. पर्मनंटवाल्यांचा त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, घरचे गेटपर्यंत घ्यायला येतात. माझे दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०२२ ला ते ५८ व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा अख्खं गाव शाळेत जमलं होतं. दुसऱ्या वर्षी शासनाने निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर कंत्राटी घ्यायचा निर्णय काढला, वयाच्या ७० पर्यंत. दाजींना विचारणा झाली. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. म्हणाले, पेन्शन पुरते, ती जागा डीएड करून बसलेल्या एखाद्या पोराला द्या. त्यांचा मला अभिमान वाटला. त्या रात्री झोप मात्र लागली नाही, कारण असं नाही म्हणायला पाठीशी काहीतरी लागतं आणि माझ्या पाठीशी काय आहे हे मला धड माहीतही नव्हतं.

माझे ५८ पूर्ण झाले त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो. कोणाला सांगितलं नाही.

खरा विचार सुरू झाला तो सप्टेंबरमध्ये. रात्री साडेनऊला कन्व्हेअर बंद पडला. पॅनल उघडलं, एक कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच जळालेला, वास येत होता. तो बदलायचा म्हणजे कोणती वायर कुठली हे फेरूलवरच्या आकड्यांवरून बघायचं. त्या प्लास्टिकच्या नळ्या करंगळीच्या नखाएवढ्या, वर तेलाचा थर, एका हातात टॉर्च, नाकावर चष्मा. मी ३६ नंबर वाचला आणि स्क्रू ड्रायव्हर पुढे नेला. शेजारी उभा असलेला पोरगा, दोन वर्षं झालीत त्याला लागून, त्याने माझं मनगट धरलं. "काका, थांबा. ३८ आहे तो." ३८ दुसऱ्या फीडरवरून, म्हणजे वेगळ्या वीजपुरवठ्यावरून येत होता. तो मी बंद केला नव्हता. ४१५ व्होल्ट होते तिथे.

काही झालं नाही. बाराच्या आत लाइन चालू झाली. घरी बायकोला चार दिवसांनी सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात मी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. म्हटलं, साहेब, मला जनरल शिफ्ट द्या. ब्रेकडाऊनला पोरं हात घालतील, मी शेजारी उभा राहून दाखवीन, शिकवीन. पगार थोडा कमी करा. माणूस चांगला आहे, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, कंपनी मला ब्रेकडाऊन इलेक्ट्रिशियनचं बिल देते, डोक्यामागे, शिफ्टमागे. शिकवणाऱ्याचं बिल कोणत्या नावाने लावू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ठेक्याच्या दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल, कुशल एवढेच रकाने असतात. तीन वर्षं काम केलेला कुशल आणि छत्तीस वर्षं काम केलेला कुशल यांचा रेट एकच. म्हणून कंत्राटात वय वाढलं तरी पगार वाढत नाही, आणि वय झालं तरी काम हलकं होत नाही. पर्मनंट माणसाची नजर कमी झाली, गुडघे गेले, तर त्याला हत्यारांच्या खोलीत, स्टोअरला, ट्रेनिंगला बसवतात. तो अनुभव कंपनीच्याच कामी येतो. आमच्याकडे दोनच गोष्टी आहेत. विशीतल्या पोरासारखं शिडीवर चढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मला माझा अनुभव विकायचा होता आणि घ्यायला कोणी तयार नव्हतं, जरी त्याची गरज त्या शॉपमधल्या प्रत्येक मशीनला आहे.

मग मी कागद घेऊन बसलो.

ग्रॅच्युइटी. एका मालकाकडे सलग पाच वर्षं झाली की मिळते, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. माझी चाकणमध्ये आठ वर्षं झाली, पण ठेकेदार तीन. कोणाकडेच पाच नाहीत. शून्य. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात एका वर्षाने ग्रॅच्युइटी मिळते, असे मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरले. नीट वाचा. ती सवलत फिक्स्ड टर्मवाल्यांना आहे, म्हणजे ज्याचा कंपनीशी थेट, ठराविक मुदतीचा लेखी करार आहे त्याला. ठेकेदाराच्या रोलवरचा माणूस त्यात येत नाही. आपलं पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी बघा.

पीएफ. इथे मी स्वतः हलगर्जी केली, कारण पासबुक कधी उघडून बघितलंच नव्हतं. उघडलं तर मधल्या ठेकेदाराने तीन महिन्यांची वर्गणी पगारातून कापली होती आणि भरलीच नव्हती. शिवाय माझी सोडल्याची तारीख टाकलेली नव्हती, त्यामुळे आधीची नोकरी कागदावर चालूच होती. पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाकली, त्याची प्रत कंपनीच्या एचआरलाही दिली, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकही कायद्याने जबाबदार असतो. दोन महिने पाठपुरावा केला, पैसे जमा झाले. सोडल्याची तारीख तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपल्यालाच पोर्टलवर टाकता येते. मला हे पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

आणि तरुण पोरांनो, हे तुमच्यासाठी. ब्रेक मिळाला की फॉर्म भरून पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घेता, गाडीचा हप्ता भरता. मी समजू शकतो, ब्रेकच्या महिन्यात घरात पैसा नसतो. पण पेन्शनचा भाग काढलात की तितकी सर्व्हिस पुसली गेली. पेन्शनला दहा वर्षं लागतात. दर दोन वर्षांनी काढत राहिलात तर पंधरा वर्षं राबूनही तुमची दहा भरणार नाहीत. तेवढा भाग पुढच्या खात्यात ट्रान्स्फर करा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सर्व्हिसचा पीएफ ऑफिसचा दाखला घेऊन ठेवा. आमच्या शॉपमधल्या चार पोरांना मी मोबाइलवर बसून हे दाखवलं आहे.

आता पेन्शन किती? पीएफची पेन्शन म्हणजे ईपीएस ९५, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. सूत्र साधं आहे, पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पण पगाराला मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० धरतात, नंतरच्यांना १५,०००. खरा पगार कितीही असो. मधले ब्रेक वजा. असं सगळं होऊन मला महिना ४,४०० रुपये बसले. छत्तीस वर्षांच्या कामाचे. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० आहे ती आजही १,००० च आहे. ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यात म्हाताऱ्या माणसांनी साखळी उपोषण केलं. माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. १,००० रुपयांत दोन माणसांचा महिन्याचा गॅस आणि दूधही होत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ५८ झाल्यावर पेन्शनची वर्गणी थांबते, नुसतं पुढे काम केलं म्हणून पेन्शन वाढत नाही. आणि काम चालू असतानाही ती सुरू करता येते. मला एकाने सल्ला दिला होता की ६० पर्यंत थांबा, वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. मी हिशोब केला. दोन वर्षं थांबलो तर महिना साधारण ३५० रुपये जास्त मिळणार आणि त्यासाठी १,०५,६०० रुपये सोडायचे. ते भरून यायला २५ वर्षं लागतात. मी तेव्हा ८५ चा असेन. ऑक्टोबरमध्येच अर्ज केला, पेन्शन चालू झाली. माझ्यामागे बायकोला यातलं निम्मं मिळेल, तेही तिला सांगून ठेवलं. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागतो याची मला धास्ती होती. वायर सोलून सोलून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत, गेटच्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि त्यापायी दोन वेळा हजेरी बुडाली. पण जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. ते जमलं.

राहिलेली शिल्लक आणि पीएफ धरून माझ्याकडे २० लाख होतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ८.२ टक्के आहे. तीन महिन्यांना ४१,००० म्हणजे महिना साधारण १३,६००. वर ४,४००. एकूण १८ हजार. आमच्या दोघांचा महिन्याचा खर्च सोसायटी मेंटेनन्स आणि बायकोच्या शुगरच्या गोळ्या धरून २४ हजार. सहा हजार कमी पडतात. ओतूरला आईच्या जुन्या घरात राहिलो आणि मोशीचा फ्लॅट भाड्याने दिला, तर मेळ बसतो. मुलगी म्हणते मी देत जाईन. देईलही, पण तिचंही कंत्राटच आहे, आयटीतलं. तिच्या पैशावर हिशोब मांडायचा नाही हे मी आणि बायकोने आधीच ठरवलं.

आजारपणाचं काय, हा प्रश्न सगळ्यात जड आहे. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, त्याची पगाराची मर्यादा २१ हजार, माझा पगार त्याच्या वर, त्यामुळे मी २०१७ पासून बाहेरच. ठेकेदाराची ग्रुप पॉलिसी काम सुटलं की सुटते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण ठरलेल्या आजारांवर आणि ठरलेल्या हॉस्पिटलांत. एक छोटी स्वतःची पॉलिसी मी नोव्हेंबरमध्ये घेतली. दहा वर्षांपूर्वी घेतली असती तर हप्ता कमी बसला असता. ज्यांची पन्नाशी झाली आहे त्यांनी हे पुढे ढकलू नका, ठेकेदाराच्या पॉलिसीच्या भरवशावर तर मुळीच नको.

लोक विचारतात, अजून हात चालतायत, कंपनी ठेवतेय, मग थांबता कशाला? महिना २८ हजार सोडवत नाहीत, हे खरं आहे. मलाही सोडवत नाहीत. पण त्या रात्रीचा ३८ नंबर मला दिसतो. माझ्या हातून काही झालं असतं तर शेजारी तो पोरगा होता. त्याला चार महिन्यांची मुलगी आहे.

आणि मला हेही दिसतं की मी स्वतः थांबलो नाही तर एक दिवस अकरा महिने संपतील आणि पुढचं पत्र येणार नाही. फोन करीन तर "कळवतो" म्हणतील. माझ्या ओळखीचे दोन वेल्डर असेच गेले. दोघं अजून त्या फोनची वाट बघतात, म्हणून पीएफही काढत नाहीत आणि गावीही जात नाहीत. तशी वाट मला बघायची नाही.

तोपर्यंत दोन कामं आहेत. एक, आठ वर्षांच्या फॉल्टची माझी वही. कोणत्या प्रेसला पावसाळ्यात कुठला सेन्सर दगा देतो, कोणत्या ड्राइव्हचा कोणता पॅरामीटर बदलला आहे, सगळं त्यात आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं ती वही घेऊन मी त्या पोराबरोबर पॅनलसमोर उभा राहतो. त्याचं बिल कोणी लावत नाही. पोरगा हुशार आहे, आकृत्या स्वतः काढतो.

दुसरं काम पत्राचं. साठच्या आत ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे टाकायचे तर निवृत्त झाल्याचा मालकाचा दाखला लागतो आणि पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ठेकेदाराकडे असा नमुनाच नाही. त्याने आजवर कोणाला निवृत्त केलेलं नाही, फक्त बंद केलं आहे. म्हणून मजकूर मी लिहून ठेवला. नाव, हुद्दा, कामाचा कालावधी, मिळालेली रक्कम, आणि शेवटी, "हे दि. ३१ मे २०२६ रोजी सेवेतून निवृत्त होत आहेत." त्याने फक्त लेटरहेडवर टाइप करून सही-शिक्का द्यायचा आहे. सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे, सुटल्यावर त्याच्या ऑफिसला जाणार आहे.