घोंगडीचा भाव फक्त विणण्याच्या दिवसांवर ठरतो का?

“दोन दिवसांत तर विणून होते, मग एवढे पैसे कसले?” गिऱ्हाइकाचं दर खेपेला हेच! अहो, विणणं हे शेवटचं काम. आधी कातरलेली लोकर निवडा, कुसळं-काटे काढा, पिंजा, चरख्यावर सूत काढा. खरे दिवस सुतातच जातात. मग ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कुंच्यानं चिंचोक्याची खळ द्यायची. पातळ झाली तर सूत मागावर पिंजारून तुटतं, जाड झाली तर धागे चिकटतात. पावसाळी हवेत ती वाळतच नाही, माग रिकामा. ते दिवस कुणी धरायचे?

आणि विणकरही लोकरीचे पैसे अधिक विणायची मजुरी एवढाच हिशोब करतात. घरातल्या बाईनं काढलेलं सूत काय फुकट? तेच विकत आणलं तर काय पडेल, तो आकडा आधी लिहा. लोकर कातरलेल्या वजनानं धरा, पिंजून उरलेल्या नाही. घट तुमच्याच खिशातून जाते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची मऊ घोंगडी राठ घोंगडीच्या भावात देऊ नका. अन् पानिपतच्या जुन्या कपड्यांच्या धाग्याच्या ब्लँकेटशी तुलना कशाला? ती वस्तूच वेगळी!