कास्ट ठोकला की झालं?

इथे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेले लिनक्स ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) साफ करायचे, हे माझं काम. आणि दर वेळी तेच! पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, उचलायचा आणि इंट नावाच्या ३२ बिटच्या पूर्णांकात कोंबायचा. ३२ बिटच्या जुन्या बोर्डावर चाललं म्हणून चाललं. ६४ बिटवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग गायब! अनसाइन्ड लाँग हा पूर्णांकाचा प्रकार घ्या ना बाबांनो, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तो पॉइंटरएवढाच असतो. पण नाही. कंपायलर ओरडला की ठोका कास्ट, म्हणजे 'हा दुसराच प्रकार समज' असा हुकूम, आणि करा त्याचं तोंड बंद.

त्याहून डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचा (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचा) नंबर. तो ठेवायचा अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न धरणाऱ्या, इंटमध्ये आणि खाली ऐटीत तपासायचं, शून्यापेक्षा कमी आहे का म्हणून. अहो, अनसाइन्ड शून्याखाली जाईलच कसा? हा नंबर आणून देणारं प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू हे फंक्शन फसलं की ऋण आकडा परत देतं. इथे तो चार अब्जांच्या घरातला इंटरप्ट बनतो आणि प्रोब (ड्रायव्हरची सुरुवात करून देणारं फंक्शन) खुशाल पुढे! मग बोर्ड का चालत नाही, हे विचारायला फोन कोणाला? मला.

लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स याने २०२१ मध्ये, ५.१५ आवृत्तीच्या वेळी, वॉर्निंगलाच एरर मानायचा पर्याय कर्नलमध्ये आणला. आमच्याकडे येणारा कोड तो पर्याय बंद करूनच येतो. "सर, वॉर्निंगच आहेत, एरर कुठंय?" (हे 'सर' तर आणखीच झोंबतं.) आणि स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) चालवून बघा म्हटलं, तर चेहरे असे, जणू भर उन्हात त्र्यंबकला पायी जायला सांगितलंय!