परदेशातून: हळू गाडीचीही आपली रेस असते

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. लाँग वीकेंड होता, बोरघाटात तीन तास जॅम, आणि अडकलेल्या एका मित्राने गाडीतूनच फोटो टाकला, तिन्ही लेनमध्ये ट्रक, खाली लिहिलेलं की यांना एक्सप्रेसवेवरून कायमचं हाकला, आम्ही टोल भरतो तो काय यांच्या मागे रांगत जायला का. त्यावर धडाधड अंगठे. एक-दोघांनी म्हटलं की भाजी मग काय विमानाने आणायची, तर त्यांनाच सगळ्यांनी झोडपलं. मी तेव्हा काही लिहिलं नाही कारण दोन ओळींत मावणारं नव्हतं.

मी जर्मनीत आखेनला राहतो, बेल्जियमच्या बॉर्डरला लागून. इथून पाऊण तासावर स्पा-फ्रँकोरशाँ, आर्देनच्या जंगलातला रेस ट्रॅक. आज तो सात किलोमीटरचा आहे, पूर्वी चौदाचा होता आणि गावागावांना जोडणारे साधे रस्तेच रेससाठी बंद करायचे. 1979 मध्ये तो छोटा केला, तरी त्यानंतरही बरीच वर्षं त्याच्या काही भागावरून रोजची वाहतूक चालायची. म्हणजे जिथे आता 300 च्या आसपास स्पीडने गाड्या जातात तिथून कधीकाळी दुधाची गाडीपण गेली असणार, मला हे फार आवडतं.

11 मे 2024 ला मी तिथे होतो. वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपची सहा तासांची रेस, आठ रेसच्या सीझनमधली तिसरी आणि ल माँच्या (फ्रान्समधली चोवीस तासांची प्रसिद्ध रेस) आधीची शेवटची. ज्यांनी फक्त फॉर्म्युला वन बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो, इथे एकाच ट्रॅकवर एकाच वेळी दोन रेस चालू असतात. एक हायपरकार, म्हणजे खास रेससाठीच बांधलेल्या गाड्या, तेव्हा फेरारी, पोर्शे, टोयोटा, कॅडिलॅक वगैरे कंपन्यांच्या. दुसरी एलएमजीटी3, शोरूममधल्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या जड गाड्या, आणि नियमच असा की प्रत्येक गाडीत निदान एक ड्रायव्हर ब्राँझ दर्जाचा पाहिजे, म्हणजे ढोबळमानाने हौशी, बऱ्याचदा एखादा उद्योजक. स्पाच्या एका लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, दोघांमध्ये साधारण पंधरा ते वीस सेकंदांचा फरक पडतो. त्यामुळे दर सात-आठ लॅपला प्रत्येक हायपरकार प्रत्येक जीटीला गाठते, सहा तास, न थांबता. स्क्रीनवर आपण लीडरची गॅप बघत बसतो पण खरी रेस ट्रॅफिकमध्ये जिंकली किंवा हरली जाते.

आणि या ट्रॅफिकचा नियम ऐका. फॉर्म्युला वनमध्ये एक लॅप मागे पडणाऱ्याला निळा झेंडा दिसला की बाजूला व्हावंच लागतं, नाहीतर पेनल्टी. इथेही निळा झेंडा असतो पण तो मुख्यतः 'मागून कोणीतरी येतंय' एवढं सांगायला. जीटीवाल्याने पळून जायचं नसतं, घाबरून ब्रेक मारायचा नसतो, उपकार म्हणून लाइन सोडायची नसते. त्याने फक्त आपली लाइन धरून ठेवायची, मागच्याला अंदाज येईल असं चालवायचं. सुरक्षित ओलांडण्याची जबाबदारी मागून येणाऱ्या वेगवान गाडीची. का, तर पुढचं सगळं त्याला दिसतंय, ताकद त्याच्याकडे आहे, थांबायचं की घुसायचं हे तोच ठरवतोय. शिवाय जीटीवाला रस्त्यातला अडथळा नाहीये, त्याची स्वतःची रेस चालू आहे, स्वतःचे पॉइंट्स, स्वतःची चॅम्पियनशिप.

मी केमेल स्ट्रेटच्या बाजूला झाडांत, उतारावरच्या गवतात बसलो होतो. रेडियाँचा चढ संपल्यावर हा लांब सरळ पट्टा लागतो. चौथा तास संपून गेला होता. आधी आवाज आला, टायरचा नाही, पत्रा फाटावा तसा. अर्ल बँबरची कॅडिलॅक शॉन गेलाएलच्या जीटी बीएमडब्ल्यूला ओलांडत होती, दोघं एकमेकांना लागले आणि दोन्ही गाड्या बॅरियरवर. धूळ, तुकडे, आणि मग एकदम शांतता, कारण लाल झेंडा लागला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते, त्यांनी नुसता त्या पोराचा हात घट्ट धरला. दोन्ही ड्रायव्हर बाहेर आले असं कळेपर्यंत आमच्यातलं कोणी काही बोललं नाही.

बॅरियर नीट करायला जवळपास दोन तास लागले. मग आयोजकांनी गेलेला वेळ परत दिला, रेस संध्याकाळी उशिरापर्यंत चालली, आणि लाल झेंड्याच्या जरा आधी पिट (इंधन-टायरसाठी थांबणं) करून घेतलेली जोटा टीमची 12 नंबरची पोर्शे जिंकली, इलॉट आणि स्टीवन्स ड्रायव्हर. कारखान्याची नव्हे तर विकत घेतलेली हायपरकार चालवणारी टीम जिंकायची ही पहिलीच वेळ. मी मात्र घरी येऊन शोधली ती पेनल्टी. शिक्षा झाली ती मागून येणाऱ्या कॅडिलॅकला, ल माँच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पाच जागा मागे.

आता घाटात या.

माझा मामा लोणंदवरून कांदा घेऊन वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला जायचा. पहाटेच्या आत गाडी लागली पाहिजे नाहीतर भाव गेला. शाळेच्या सुट्टीत मी दोन-तीनदा त्याच्या केबिनमध्ये बसून गेलोय. जाताना घाट उतरणीचा, तर मामा लोणावळ्यानंतर गिअर खाली टाकून इंजिनवर गाडी धरायचा, ब्रेकवर पाय जेवढा कमी तेवढा बरा कारण लायनर तापले की ब्रेक धरतच नाहीत. येताना परतीचं भाडं, तळोज्याचं लोखंड, आणि खोपोलीपासून चढ. तिथे मला कळलं ट्रक उजवीकडे का येतो. पुढे एखादी ओव्हरलोड गाडी दहाच्या स्पीडने रांगत असेल आणि मामा तिच्यामागे थांबला तर चढावर लोड परत उचलत नाही, क्लच जळतो. म्हणून तो बाहेर काढायचा, हळूहळू तिला ओलांडायचा, आणि तेवढ्या वेळात मागे दहा गाड्या डिपर मारत, हॉर्न वाजवत. एकदा एक कार डावीकडून घुसून आमच्या बंपरपुढे आली आणि ब्रेक मारला, मामाला शिकवायला म्हणून. मामाच्या हाताच्या शिरा मला अजून दिसतात. त्याने शिवी पण नाही दिली. पाणी मागितलं.

मामा बरोबर होता असं मी म्हणत नाही. उजव्या लेनमध्ये किलोमीटरभर हत्तीसारखं चालत राहणं चूकच. इथे जर्मनीत त्याला नावच आहे, हत्तींची शर्यत, दोन ट्रक एकमेकांना मुंगीच्या वेगाने ओलांडत रस्ता अडवतात तेव्हा. त्याला दंड आहे, आणि 2008 मध्ये इथल्या एका कोर्टाने साधारण माप पण दिलं की ओव्हरटेक 45 सेकंदांत उरकायला हवा. आणि मित्रांना आवडेल असंही सांगतो, इथे रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना बंदी असते. पण ती वर्षभर ठरलेली आहे, मालवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यावर वेळापत्रक बांधतात. गर्दी झाली की ऐनवेळी कडेला उभे करा, असं नाही.

इथे लायसन्ससाठी मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. हळू चालणाऱ्याच्या मागे गाड्या साचल्या तर त्याने योग्य जागी वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं, हे कायद्यात आहे. पण त्याच पुस्तकात वेगवान गाडीवाल्यासाठी जास्त पानं आहेत. शंभरच्या स्पीडला पन्नास मीटर अंतर, उजवीकडून ओलांडायचं नाही (इथली उजवी म्हणजे आपली डावी), समोरून रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर यायचं नाही. आमच्या ग्रुपवर यातलं एक अक्षर कोणी बोलत नाही. बोलणं एवढंच की ट्रकला हाकला, नाहीतर कॅमेरे लावलेत ते किती चलान फाडतात. 2024 पासून एक्सप्रेसवेवर ते कॅमेरे आहेत, चांगलंच आहे, पण घाटात समोरच्या ट्रकचा गिअर पडलाय, तो आता बाहेर येणार, हे कॅमेरा कारवाल्याला शिकवत नाही.

आणि इथलं सगळं चांगलं असंही नाही. ऑटोबानवर दोनशेच्या स्पीडने येऊन मागे चिकटणारे, लाइट मारणारे ढीगभर आहेत. उलट आपल्याकडे एक गोष्ट होती जी मला इथे कधीच दिसली नाही. मामाचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर वाकायचा, पुढचं वळण बघायचा आणि मागच्याला हाताने 'चल, ये' म्हणायचा. मागे लिहिलेलं असायचं हॉर्न ओके प्लीज, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते लिहायला बंदी केली. गोंगाटाचं कारण मला पटतं. पण ते मुळात एक आमंत्रण होतं, मला तू दिसत नाहीस, सांग आणि मग जा. आता रेसमधल्या जीटी गाड्यांत मागे रडार असतो, मागून कोण येतंय आणि कुठल्या बाजूने ते छोट्या स्क्रीनवर बाण करून दाखवतो. तेच काम, तो क्लीनर हाताने करायचा.

मामाने गाडी विकून आता सात-आठ वर्षं झाली. फोनवर त्याला स्पाचं सांगितलं, तो व्हिडिओ पाठवला. त्याने दोनदा बघितला, आणि विचारलं, "त्या हळूवाल्याला परत चालवायला दिली ना रे गाडी?" म्हटलं, हो मामा, दिली.