इव्ह मोंताँ कुणी ‘घडवलेला’ नव्हता

फ्रेंच गायक आणि नट इव्ह मोंताँबद्दल नेटवर एक ठरलेली स्टोरी फिरत असते. गायिका एदित पियाफने त्याला शून्यातून उचलून स्टार केलं, मेरिलिन मन्रोमुळे तो अमेरिकेत पोचला, राजकारणात आधी मॉस्कोचा माणूस होता आणि मग पैशासाठी पलटला, आणि एक मुलगी लपवून ठेवली होती. प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे म्हणून लोक अख्खं वाक्य गिळतात, पण मला हे वाचून खरंच वाईट वाटतं कारण यात त्या माणसाची मेहनत कुठेच दिसत नाही.

आधी पियाफचं घेऊ. मोंताँचं मूळ नाव इव्हो लिव्ही, जन्म 1921 चा, इटलीत तोस्कानामधल्या मोनसुम्मानोचा. बाप कट्टर कम्युनिस्ट, मुसोलिनीच्या लोकांचा त्रास सुरू झाल्यावर कुटुंब मार्सेयला आलं, घरात गरिबी, पोराने लहानपणीच शाळा सोडून पास्ताच्या कारखान्यात काम धरलं, मग बहिणीच्या सलूनमध्ये, मग गोदीवर. गाणं सुरू केलं 1938 च्या सुमारास, मार्सेयच्या छोट्या हॉलांमधून, आणि 1939 मध्ये तो तिथल्या अल्काझारच्या स्टेजवर होता. अल्काझार म्हणजे आवडलं नाही तर गायकाला तिथल्या तिथे हाकलून लावणारं पब्लिक, आणि त्या पब्लिकसमोर हा पोरगा टिकला. पॅरिसला तो आला फेब्रुवारी 1944 मध्ये, एबीसी या मोठ्या म्युझिक हॉलमध्ये गायला, आणि पियाफ भेटली त्यानंतर, त्या उन्हाळ्यात, मूलां रूजच्या कार्यक्रमात. मग ‘शोधून काढला’ कुठून आलं?

पियाफने काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तो तेव्हा काउबॉयची गाणी गायचा, अमेरिकन माळरानं, घोडे वगैरे, तिने ती काढायला लावली, नवी गाणी मिळवून दिली, उच्चारांवर काम करून घेतलं. हे मोठंच देणं आहे. पण 1946 मध्ये ते वेगळे झाले आणि त्याच वर्षी दिग्दर्शक मार्सेल कार्नेच्या ‘ले पोर्त द ला न्वी’ मध्ये त्याला हिरोचा रोल मिळाला, जो खरं तर जाँ गाबँ या बड्या नटासाठी ठरला होता, आणि तो सिनेमा सपशेल आपटला. कुणी नुसता हात धरून स्टार करता येत असता तर हे झालंच नसतं.

अभिनय येतो हे सिद्ध व्हायला 1953 उजाडलं, दिग्दर्शक क्लूझोचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ आला. आपल्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. नायट्रोग्लिसरीनने भरलेला ट्रक, समोर कच्च्या तेलाचं डबकं, साथीदार शार्ल व्हानेल त्या तेलात उतरून वाट दाखवतोय, आणि ट्रक थांबला तर रुतणार म्हणून मोंताँ त्याच्या पायावरून चाक नेतो. पुढे दोघंही नखशिखांत काळे, डोळे तेवढे दिसतायत. तो चेहरा बघा आणि मग ‘गायकच होता, अभिनय जमला’ म्हणा.

आता मन्रो. कम्युनिस्टांकडे कल आहे म्हणून अमेरिका त्याला व्हिसाच देत नव्हती. 1959 मध्ये एकदाचा मिळाला आणि तो ब्रॉडवेवर एकट्याचा कार्यक्रम घेऊन उभा राहिला, गाणी फ्रेंच, अंगात साधा तपकिरी शर्ट आणि पँट, आणि न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं. मन्रोबरोबरचा ‘लेट्स मेक लव्ह’ त्याच्या नंतरचा, 1960 चा, आणि तोही ग्रेगरी पेक बाहेर पडल्यावर आलेला. इंग्रजी येत नव्हतं, डायलॉग उच्चारांवरून पाठ केले. हो, दोघांचं प्रेमप्रकरण झालं, ते लपवायचं कारण नाही आणि त्यात त्याच्या बायकोला, नटी सिमोन सिन्योरेला, किती सोसावं लागलं हे जगाने पाहिलं. पण त्या सिनेमाने त्याला हॉलिवूडचा स्टार केलं नाही, त्याचं सगळ्यात भारी काम पुढे फ्रान्समध्येच झालं. आणि 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तो साठीत गायला, तेव्हा मन्रो जाऊन वीस वर्षं झाली होती.

लपवलेल्या मुलीचा दावा एका ओळीत संपतो: कोर्टाच्या आदेशावरून 1998 मध्ये त्याचं प्रेत उकरून डीएनए तपासला, तो तिचा बाप नव्हता.

सगळ्यात जास्त राग मला ‘पैशासाठी पलटला’ याचा येतो. एक तर तो कम्युनिस्ट पार्टीचा सभासद कधीच नव्हता, समर्थक होता. 1956 मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा रशिया दौरा होता. तो गेला, यावर टीका व्हायलाच हवी, पण मॉस्कोत सोव्हिएत प्रमुख ख्रुश्चेव्ह जेवायला बसले तेव्हा याने आणि सिमोनने हंगेरीबद्दल तोंडावर विचारलं, शेजारी मोलोतोव्ह, मिकोयान हे बडे सोव्हिएत नेते बसलेले असताना. 1968 ला प्रागमध्येही सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर तो पूर्ण तुटला आणि 1970 मध्ये दिग्दर्शक कोस्ता-गाव्रासचा ‘लाव्हू’ (म्हणजे कबुलीजबाब) हा सिनेमा केला, प्रागमधल्या 1952 च्या खोट्या खटल्यावरचा. डोळ्यांवर काळे गॉगल बांधून कोठडीत अखंड चालायला लावलेला कैदी, त्यासाठी त्याने वजन इतकं उतरवलं की ओळखू येईना. याने दुखावलं कोणाला? ज्या डाव्या लोकांनी त्याला वीस वर्षं टाळ्या दिल्या त्यांनाच, घरात सख्खा भाऊ कम्युनिस्ट युनियनचा नेता. पैसे हवे असलेला माणूस आपलं हक्काचं गिऱ्हाईक असं घालवतो का?

आणि पलटला म्हणजे उजवीकडे पळाला असंही नाही, दोनच वर्षांनी त्याने लॅटिन अमेरिकेतल्या अमेरिकन दडपशाहीवरचा ‘एता द सिएज’ हा सिनेमा केला आणि 1974 मध्ये चिलीच्या निर्वासितांसाठी पॅरिसच्या ऑलिंपिया हॉलमध्ये गायला. पुढे ऐंशीच्या दशकात टीव्हीवर बाजारपेठेच्या बाजूने बोलायला लागला, ते मलाही पटत नाही, त्यावर भांडा. पण ते 1984 चं भांडण 1970 वर चिकटवू नका.