मनालीच्या बर्फात स्वतःची गाडी घालताय?

डिसेंबरात मनालीत एमएच पासिंगच्या गाड्यांची रीघ लागते. माझं मत सरळ आहे: बर्फ पडायला लागला की अटल बोगद्यापासून धुंदी, सोलंग, पलचानपर्यंतचा उतार आपल्या साध्या टायरांचा नाही. गाडी फोर बाय फोर असली तरी! ती चढ काढून देते. ब्रेक मारल्यावर मात्र अल्टोसारखीच घसरते.

२०२० साली बोगदा झाला, रोहतांग खिंडीची ३,९७८ मीटरची चढण टळली. पण बोगद्याची दोन्ही तोंडंही ३,००० मीटरच्या वरच आहेत, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सकाळच्या उन्हात सगळे बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जातात, दुपारी पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं, बर्फ पाडणारं वादळी हवामान) येऊन धडकतो आणि परतीला सगळ्या गाड्या एकदम त्याच उतारावर. २०२४च्या नाताळात हेच झालं.

जायचंच असेल तर स्नो चेन, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायची साखळी, घ्या. इनोव्हा क्रिस्टाला मागच्या चाकांना, एर्टिगा-स्विफ्टला पुढच्या. भाड्याने घेताना टायरवरचा आकडा (१८५/६५ आर १५ असा) जुळवा. सपाटीवर लावा, शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. सैल चेनचं टोक आत आपटून ब्रेकचा पाइप फोडतं. वेग तिशीच्या आत. पुढच्या चाकांना चेन असली की उतारावर गाडीची मागची बाजू फिरू बघते, म्हणून आधीपासूनच फर्स्टमध्ये उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका.

रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये? मग ते पाणी नाही, गोठलेला बर्फ आहे. सावलीतल्या वळणांवर हमखास.

रेडिएटरमधलं साधं पाणी आपल्याकडे खपून जातं, तिथे रात्रीत गोठून इंजिनचा ब्लॉक तडकतो. निम्मं कूलंट हवंच. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. गिअर टाका, चाकाला दगड लावा.

सगळ्यात चीड येते ती रांग सोडून रिकाम्या लेनमध्ये घुसणाऱ्यांची. अहो, बर्फ काढणारं मशीन त्याच लेनने वर येणार असतं! ती लेन अडली की रात्र तिथेच.

अडकलातच, तर हीटर लावून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, वाससुद्धा येत नाही. आधी तोंड उकरून मोकळं करा, काच बोटभर खाली ठेवा, तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा. आणि एकाने जागं राहा.